वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवताना: कुठलं काम कधी करायचं आणि ते कशात अडकतं

वेबसाइट हलवायची म्हटलं की लोक आधी फाइली उतरवून घ्यायला बसतात. खरं तर फाइलींचं काम सगळ्यात सोपं. त्यात चूक झाली तर पुसून पुन्हा करता येतं आणि कुणाला कळतही नाही. साइट बंद पडते, मेल हरवतात ते बहुतेक वेळा डीएनएस या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेतल्या गोंधळामुळे, आणि तेही नव्या सर्व्हरवर साइट अगदी नीट चालत असताना.

'वेबसाइट' म्हणून आपण ज्याचं एकच बिल भरतो त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, नोंदणी रजिस्ट्रारकडे (नावं विकणाऱ्या कंपनीकडे) असते. ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारं डीएनएस नेमसर्व्हर नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर असतं. फाइली आणि डेटाबेस होस्टिंगवर असतात. आणि मेल त्याच होस्टिंगवर किंवा एखाद्या वेगळ्या सेवेकडे असते. होस्टिंग बदलायचं म्हणजे यातली तिसरी गोष्ट हलवायची. बाकीच्या तीन जागच्या जागी राहू शकत असतील तर राहू द्याव्यात. चारही एकाच रात्री हलवल्या आणि सकाळी काही बिघडलं, तर नेमकं कशामुळे बिघडलं हे शोधण्यात दिवस जातो.

डोमेनही आमच्याकडेच आणा, असं नवी कंपनी हमखास सुचवते. आत्ता नको. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या ट्रान्सफरला आधी कुलूप काढावं लागतं, कोड मागवावा लागतो आणि पुढे पाच दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोंदणी होऊन किंवा मागची ट्रान्सफर होऊन ६० दिवस झाले नसतील तर बहुधा ती नाकारलीच जाते. साइट स्थिरावली की महिन्याभराने निवांत करण्याचं हे काम आहे. एक मात्र आधीच तपासा: जुन्या होस्टिंगसोबत डोमेन फुकट मिळालं असेल तर होस्टिंग बंद केल्यावर त्याचं काय होतं, आणि नूतनीकरणाचा मेल कुठल्या पत्त्यावर येतो. तो पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर आधी बदला. डोमेन बंद पडलं की ते का बंद पडलं हे सांगणारा मेलही तुम्हाला मिळणार नाही.

आधी डीएनएसची नक्कल

जुन्या पॅनेलमध्ये झोन एडिटर उघडा (झोन म्हणजे डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी, म्हणजे रेकॉर्ड, एकत्र) आणि दिसेल तो प्रत्येक रेकॉर्ड उतरवून घ्या: ए (सर्व्हरचा आयपी पत्ता), एएएए (आयपीव्ही६चा पत्ता), सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट), एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे जायची), टीएक्सटी (नुसता मजकूर), सीएए (प्रमाणपत्र कुठली संस्था देऊ शकते). झोन फाइल एक्स्पोर्ट करायची सोय असेल तर उत्तमच, नसेल तर पडद्याचे फोटो काढा. बाहेरून डीएनएस तपासणाऱ्या साइटींवर विसंबू नका. डीकेआयएमच्या, म्हणजे मेलवरची सही तपासण्याच्या, रेकॉर्डला सिलेक्टर नावाचा उपसर्ग असतो, आणि तो माहीत नसेल तर बाहेरून विचारून तो रेकॉर्ड सापडत नाही. सबडोमेनचंही तसंच. जुना झोन एकदा पुसला गेला की ही माहिती परत मिळवायला जागा उरत नाही.

आता टीटीएल. प्रत्येक रेकॉर्डला सेकंदांत लिहिलेली एक मुदत असते. जगभरचे रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) तेवढा वेळ ते उत्तर आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि पुन्हा विचारायला येत नाहीत. १४४०० म्हणजे चार तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. 'डीएनएस पसरायला ४८ तास लागतात' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण डीएनएसमध्ये काही पसरत नसतं. जुनी साठवलेली उत्तरं आपापल्या मुदतीने शिळी होतात, एवढंच. म्हणून ए रेकॉर्डचा टीटीएल आधीच ३०० करून ठेवा. 'आधीच' म्हणजे जुन्या टीटीएलएवढा वेळ तरी आधी: तो ८६४०० असेल तर निदान एक दिवस. बदलाच्या दिवशीच टीटीएल कमी करण्यात काही अर्थ नाही, कारण जुनी लांब मुदत लोकांच्या रिझॉल्व्हरमध्ये आधीच जाऊन बसलेली असते.

मग ते ४८ तास आले कुठून? डॉट कॉमच्या झोनमध्ये तुमच्या नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. तो तुमच्या हातात नाही. ए रेकॉर्ड बदलला तर काम पाच-दहा मिनिटांत होतं, नेमसर्व्हर बदलले तर दोन दिवस धरून चालायचं. डीएनएस रजिस्ट्रारकडे किंवा वेगळ्या सेवेकडे असेल तर नेमसर्व्हरना हातच लावू नका, फक्त ए रेकॉर्ड बदला.

नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगचेच असतील तर मात्र ते बदलावेच लागतात. तिथलं खातं बंद झालं की झोनही जातो. अशा वेळी काम दोन टप्प्यांत करा. आधी नव्या जागी सगळा झोन जसाच्या तसा तयार करा, ए रेकॉर्डही जुन्याच सर्व्हरचा ठेवा, आणि मग नेमसर्व्हर बदला. दोन दिवस जाऊ द्या. या काळात कुणाला कुठलंही उत्तर मिळालं तरी ते सारखंच असतं, त्यामुळे काही बिघडत नाही. त्यानंतर, टीटीएल ३०० असताना, नव्या झोनमधला ए रेकॉर्ड बदला. वेळ जास्त लागतो खरा, पण जोखीम जवळपास उरत नाही.

डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांवर सही करण्याची सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (सहीच्या किल्लीची नोंद) काढा आणि एक-दोन दिवस थांबा. तो तसाच राहिला तर नव्या नेमसर्व्हरचं उत्तर जुन्या किल्लीशी जुळत नाही आणि सही तपासणारे रिझॉल्व्हर डोमेन नाकारतात. काही लोकांना साइट दिसते, काहींना अजिबात नाही, आणि सर्व्हरवर तर सगळं ठीक दिसतं.

फाइली आणि डेटाबेस

दोन्हीकडे सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल आणि नवी कंपनी साइट हलवून देत असेल तर घ्या ती मदत. पूर्ण बॅकअपमध्ये फाइली, डेटाबेस, मेलबॉक्स, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) सगळं येतं. तरी एक प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवलेली हवीच.

हाताने करायचं असेल तर एफटीपीने एकेक फाइल ओढत बसू नका. वर्डप्रेसच्या साध्या साइटवरही हजारो छोट्या फाइली असतात, आणि प्रत्येकीसाठी एफटीपी वेगळी जोडणी उघडतं. मध्येच जोडणी तुटली तर दोन-चार फाइली गुपचूप राहून जातात. जुन्या सर्व्हरवर झिप करा, एकच फाइल न्या, नव्या सर्व्हरवर उघडा. एसएसएच (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सोय) मिळत असेल तर आरसिंक सगळ्यात चांगलं: पहिल्यांदा सगळं नेतं, आणि बदलाच्या दिवशी पुन्हा चालवलं की फक्त बदललेलं नेतं.

फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या फाइली दिसण्याचा पर्याय चालू करायला विसरू नका. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फाइली, विशेषतः एचटीॲक्सेस (सर्व्हरसाठीच्या सूचनांची फाइल), इथेच मागे राहतात. मग पहिलं पान उघडतं आणि आतल्या प्रत्येक पानाला ४०४ ('पान सापडलं नाही') येतो. उलट ती फाइल नेली तरी एकदा उघडून पाहा. सीपॅनेल त्यात पीएचपीची (साइटचा कोड ज्या भाषेत असतो तिची) आवृत्ती ठरवणारी ॲडहँडलरची ओळ लिहून ठेवतं. नव्या सर्व्हरला ती कळली नाही तर पान दिसण्याऐवजी पीएचपी फाइल सरळ डाउनलोड व्हायला लागते, म्हणजे तुमचा कोड येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात. ती ओळ काढून टाका. सुरक्षा प्लगइन वापरत असाल तर डॉट-यूजर-आयएनआय फाइलही पाहा. त्यात फायरवॉलच्या फाइलीचा जुन्या सर्व्हरवरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, आणि तो नव्या जागी नसल्यामुळे अख्खी साइट पांढरी पडते. कॅशे प्लगइनचंही तेच. ती आधीच बंद करून, कॅशे रिकामा करून मग प्रत काढलेली बरी.

फाइल कोण वाचू-बदलू शकतं हे ठरवणाऱ्या परवानग्या: फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४. काही चालेना म्हणून ७७७ देणं हा जुना सल्ला अजून फिरतोय, पण अनेक सर्व्हर त्यावर थेट ५०० ची चूक देतात. जुना सर्व्हर विंडोजचा असेल आणि नवा लिनक्सचा, तर फोटोंच्या नावातली इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं तपासा. लिनक्स जेपीजी मोठ्या अक्षरांत आणि जेपीजी छोट्या अक्षरांत या दोन वेगळ्या फाइली मानतं.

डेटाबेसची प्रत (डंप) मायएसक्यूएलडंपने काढली असेल तर फाइलीची शेवटची ओळ बघायची सवय लावून घ्या. तिथे 'डंप कम्प्लिटेड' आणि तारीख असते. ती नसेल तर फाइल अर्धवट आहे, मग तिचा आकार कितीही मोठा दिसो. पीएचपीमायॲडमिन या डेटाबेसच्या पॅनेलमधून चढवताना आकाराची मर्यादा आडवी येते. फाइल जीझिप केली तर मजकूर खूप दाबला जातो आणि बहुधा बसतो. नाही बसला तर एसएसएचवरून आयात करा किंवा नव्या कंपनीच्या मदतकक्षाला सांगा.

मराठी मजकुराच्या साइटवर इथे जास्त लक्ष द्यावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, इमोजी चार. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' तीन बाइटांपर्यंतच जातो, म्हणून लेख नीट दिसतात पण इमोजी असलेल्या ठिकाणी मजकूर तुटतो किंवा आयातच थांबते. डंप काढताना आणि चढवताना, दोन्ही वेळा, कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट द्या. आयात झाल्यावर मराठी मजकूर कसा दिसतो यावरून रोग ओळखता येतो. अक्षरांच्या जागी उच्चार चिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर माहिती शाबूत आहे, वाचली जातेय चुकीच्या पद्धतीने. डंप योग्य कॅरेक्टर सेटने पुन्हा काढा. नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर त्या प्रतीतला मजकूर गेला. ती टाकून द्या आणि मूळ डेटाबेसवरून नव्याने सुरुवात करा. जुनं होस्टिंग चालू ठेवायचं ते यासाठीही.

आयातीत १२७३ क्रमांकाची 'अननोन कोलेशन' चूक आली (कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम लावण्याचा नियम) तर घाबरू नका. मायएसक्यूएल ८ मधल्या डंपमध्ये ०९०० असलेलं कोलेशनचं नाव असतं, ते मायएसक्यूएल ५.७ ला किंवा जुन्या मारियाडीबीला माहीत नसतं. डंपच्या प्रतीत त्या नावाऐवजी यूटीएफ८एमबी४-युनिकोड-सीआय हे कोलेशन घाला (फाइलीत दोन्ही जोडरेघांच्या जागी अंडरस्कोर) आणि पुन्हा चढवा.

मग वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधल्या चार ओळी बदला: डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, होस्ट. सीपॅनेल नावापुढे खात्याचा उपसर्ग लावतं, म्हणून जुनं नाव बहुधा तसंच ठेवता येत नाही. टेबलांचा उपसर्ग मात्र जुनाच ठेवा. तो जुळला नाही तर वर्डप्रेसला आपली टेबलं सापडत नाहीत आणि ते नव्या साइटच्या स्थापनेचं पान दाखवतं. ते पान भरू नका, उपसर्ग दुरुस्त करा. डोमेन तेच राहणार असेल तर डेटाबेसमधले पत्ते बदलायची गरज नाही. बदलायचेच असतील तर डंप नोटपॅडमध्ये उघडून शोधा-बदला करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग सीरियलाइज करून ठेवतं आणि त्यात प्रत्येक मजकुराची लांबी आकड्यात लिहिलेली असते. पत्त्याची लांबी बदलली, आकडा तोच राहिला, की विजेट आणि थीमची सेटिंग गायब. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा हे आकडे सांभाळते.

पीएचपीची आवृत्ती आधी जुन्या सर्व्हरवर होती तीच ठेवा. ७.४ वरून थेट ८ वर गेलात तर जुन्या प्लगइन कोसळू शकतात. क्रिएट-फंक्शन आणि ईच ही फंक्शनं ८.० मध्ये काढून टाकली आहेत. मग चूक हलवण्यात झाली की आवृत्तीमुळे, हे कळत नाही. ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली, तेव्हा पुढे जायचंच आहे. फक्त ते पुढच्या आठवड्यात करा.

डीएनएसला हात न लावता साइट तपासणं

प्रत्येक संगणकावर होस्ट्स नावाची एक छोटी फाइल असते. डीएनएसला विचारण्याआधी संगणक तिच्यात बघतो. तिच्यात एक ओळ घातली की फक्त तुमच्या संगणकापुरती साइट नव्या सर्व्हरवरून उघडते, बाकी जगाला जुनीच दिसते. ओळीचं रूप असं: आधी नव्या सर्व्हरचा आयपी, मग मोकळी जागा, मग डोमेन, पुन्हा मोकळी जागा, मग तिहेरी डब्ल्यूसकट डोमेन. तिहेरी डब्ल्यू विसरलात तर अर्धी साइट जुनी आणि अर्धी नवी अशी विचित्र भेळ दिसते.

विंडोजवर ही फाइल विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या मार्गावर असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय ती सेव्ह होत नाही, आणि नोटपॅड कधीकधी नावापुढे टीएक्सटी चिकटवतं, मग ओळ बरोबर असूनही परिणाम शून्य. मॅक आणि लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरमध्ये असते.

आपण नक्की कुठल्या सर्व्हरवर आहोत हे ओळखायला नव्या सर्व्हरवर एक छोटी टेक्स्ट फाइल टाका, आत 'नवा' एवढा एकच शब्द. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता उघडा. शब्द दिसला तर तुम्ही नव्यावर आहात, ४०४ आला तर जुन्यावर. बदलाच्या दिवशीही हीच फाइल मोबाइलवरून उघडून पाहता येते.

आता खरोखर तपासा. आतलं एखादं जुनं पान, शोध, फोटो चढवणं, लॉगिन. आणि डेटाबेसमध्ये लेखांच्या टेबलातल्या ओळींची संख्या दोन्हीकडे सारखी आहे का.

या टप्प्यावर ब्राउझर साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राबद्दल (एसएसएल) कुरकुर करेल. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने मिळवायचं तर डोमेन नव्या सर्व्हरकडे वळलेलं असावं लागतं, आणि ते तर अजून वळलेलं नाही. सुटकेचे दोन मार्ग. जुन्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली नव्यावर चिकटवा. त्याची मुदत संपेपर्यंत ते बिनतक्रार चालतं. किंवा डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड घालून प्रमाणपत्र आधीच काढा. साइटवर एचएसटीएस (फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडण्याची सक्ती) चालू असेल तर यातलं एक करावंच लागेल, कारण अशा साइटवर वाचकाला इशारा ओलांडून पुढे जाण्याचा पर्याय ब्राउझर देतच नाही. प्रमाणपत्र मिळतच नसेल तर सीएए रेकॉर्डमध्ये दुसऱ्याच संस्थेचं नाव तर नाही ना, ते बघा.

मेल

मेल वेगळ्या सेवेकडे असेल तर एमएक्स रेकॉर्ड आहेत तसे ठेवायचे आणि एक गोष्ट तपासायची. नव्या सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' आहे, ते 'रिमोट' करा. ते 'लोकल' राहिलं तर नवा सर्व्हर स्वतःलाच तुमच्या डोमेनचा मेल सर्व्हर समजतो. बाहेरचे मेल व्यवस्थित येत राहतात, पण साइटवरच्या संपर्क फॉर्मचे मेल सर्व्हरच्या आतच जिरतात. सगळं चालू दिसत असल्यामुळे ही चूक आठवडेच्या आठवडे लक्षात येत नाही.

मेल होस्टिंगवरच असेल तर एमएक्स बदलण्याआधी नव्या जागी प्रत्येक मेलबॉक्स आणि फॉरवर्डर तयार करा. बॉक्स नसताना आलेला मेल सर्व्हर 'असा कुणी इथे नाही' म्हणून कायमचा परत पाठवतो, पुन्हा प्रयत्न होत नाही. जुने मेल आयमॅपसिंक या साधनाने न्या: एकदा बदलाआधी, एकदा दोन-तीन दिवसांनी. दुसरी फेरी टाळू नका, कारण मधल्या काळात काही मेल जुन्याच सर्व्हरवर उतरलेले असतात. मेल पॉप३ ने उतरवत असाल तर ते तुमच्या संगणकावरच आहेत. तिथे खातं पुसून नवं जोडण्याच्या फंदात पडू नका, फक्त सर्व्हरचं नाव बदला.

एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या रेकॉर्डमध्ये) नव्या सर्व्हरचा आयपी घाला, पण जुन्याच ओळीत. डोमेनवर एसपीएफचे दोन रेकॉर्ड झाले की तपासणी चूक म्हणून धरली जाते, म्हणजे दोन्ही निकामी. नवा सर्व्हर डीकेआयएमची नवी किल्ली देईल, तीही डीएनएसमध्ये हवी.

बदलाचा दिवस

साइटवर वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडा. शुक्रवारची संध्याकाळ नको, अडलात तर मदतकक्षात पुरेशी माणसं नसतात. जुन्या साइटवर टिप्पण्या आणि फॉर्म बंद करा. डेटाबेसची ताजी प्रत काढून नव्यावर चढवा, आरसिंक पुन्हा चालवा. मग ए रेकॉर्ड बदला.

आणि लगेच एएएए रेकॉर्ड बघा. हा आयपीव्ही६चा पत्ता. तो जुन्या सर्व्हरचाच राहिला तर आयपीव्ही६ वरचे लोक, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरचे बरेचसे, जुनीच साइट बघत राहतात आणि तुमच्या घरच्या जोडणीवर मात्र सगळं ठीक दिसतं. प्रमाणपत्राची पडताळणीही याच रेकॉर्डवर अडते, कारण लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वर जाऊन बघतं. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रेकॉर्ड सरळ काढून टाका.

होस्ट्स फाइलमधली ओळ आता पुसा. ती राहिली तर तुम्ही काय तपासताय यालाच अर्थ उरत नाही. टेक्स्ट फाइल मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडा. संपर्क फॉर्ममधून स्वतःला एक मेल पाठवा, बाहेरून डोमेनच्या पत्त्यावर एक पाठवा, तिथून उत्तर द्या. टिप्पण्या आणि फॉर्म पुन्हा चालू करा. क्रॉनची कामं नव्या सर्व्हरवर लावा आणि जुन्यावरची बंद करा, नाहीतर तेच वार्तापत्र दोनदा जाईल. सर्व्हरचं घड्याळ वेगळ्या वेळेवर असू शकतं, तेही पाहा. शोधयंत्राला काही कळवायची गरज नाही; पत्ता बदलल्याची सूचना डोमेन बदललं तरच द्यायची असते.

जुनं होस्टिंग निदान दोन आठवडे, मेल तिथे होती तर महिनाभर चालू ठेवा. मात्र आपोआप होणारं नूतनीकरण आजच बंद करा. जुन्या सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (कोण येऊन गेलं त्याची नोंद) अधूनमधून उघडा. वाचकांची नावनिशाणी नाही आणि फक्त बॉट येताहेत, अशी स्थिती आली की खातं बंद करायला हरकत नाही. बंद करण्याआधी शेवटची पूर्ण प्रत उतरवून ती एकदा उघडून बघा, मग टीटीएल पुन्हा १४४०० च्या आसपास न्या. आणि दोन्ही सर्व्हरवर साइटच्या पब्लिक-एचटीएमएल फोल्डरमध्ये पडून राहिलेली ती बॅकअपची झिप आणि डेटाबेसचा डंप पुसून टाका. बॅकअप.झिप असं नाव असेल तर अंदाजाने पत्ता टाकून कुणीही ती उतरवून घेऊ शकतं, आणि तिच्यात तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला आहे.